तोरोची रेड वाइन इतकी तुरट का लागते, आणि तिच्यासोबत काय खावं?

प्रश्न थोडक्यात असा. माद्रिदला असलेल्या भाच्याने स्पेनमधल्या तोरो भागातल्या रेड वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. लेबलवर 'क्रिआन्सा' आणि १५ टक्के अल्कोहोल. पहिली बाटली रविवारी पुण्यातल्या घरी तांबड्या रश्श्यासोबत उघडली, तर पहिल्याच घोटाला जीभ कोरडी पडली, हिरड्या आवळल्या, मागाहून कडू लागलं आणि घसा जळला. वाइन खराब निघाली का, आणि दुसरी बाटली कशासोबत उघडावी, असं तुम्ही विचारलं आहे.

वाइन न हुंगता शंभर टक्के सांगता येत नाही, पण तुम्ही लिहिलेलं एकही लक्षण बिघाडाचं नाही. तोंड कोरडं पडणं हा तोरोच्या वाइनचा स्वभावच आहे. कडूपणा आणि जळजळ मात्र बहुतेक रश्श्यामुळे वाढली, आणि बाटली पुण्याच्या घरातल्या तापमानाला उघडली असेल तर त्यामुळेही. दुसऱ्या बाटलीच्या वेळी या दोन्ही गोष्टी बदलता येतील. वाइनचा तुरटपणा बदलता येणार नाही, त्याला ताटात जोड द्यावी लागेल.

आधी बिघाडाची शंका फिटू दे. बूच बाटलीच्या तोंडाबाहेर किंचित वर आलेलं असेल, किंवा काढल्यावर त्याच्या कडेने लाल ओघळ थेट वरच्या टोकापर्यंत गेलेला दिसला, तर बाटली प्रवासात किंवा साठवणीत तापली असण्याची शक्यता मोठी. अशा वाइनला ताज्या फळाचा वास राहत नाही, शिजून आटलेल्या मुरंब्यासारखा वास येतो. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद गोदामाचा वास आला तर बूच दूषित आहे. ती वाइन कितीही वेळ उघडी ठेवली तरी सुधारत नाही. नेलपेंट रिमूव्हर किंवा व्हिनेगरचा झणका येत असेल तर ती आंबट होऊ लागली आहे. आणि चार-पाच वर्षांच्या वाइनचा रंग कडेने तपकिरी दिसायला लागला असेल तर तिला हवा लागली आहे. यातलं काहीच नसेल, वास काळ्या फळांचा, आलुबुखाराचा, थोडा लाकडाचा आणि भाजक्या कॉफीचा असेल, तर बाटली उत्तम आहे.

आता तोरो म्हणजे काय ते बघू, कारण तुरटपणाचं मूळ तिथल्या जमिनीत आणि हवेत आहे. तोरो हे स्पेनच्या वायव्येला, सामोरा प्रांतात, दुएरो नदीच्या काठावरचं गाव. हीच नदी पुढे पोर्तुगालमध्ये जाऊन दोरू होते. गावाच्या भोवतालच्या प्रदेशाला १९८७ मध्ये वाइनसाठी अधिकृत भौगोलिक दर्जा मिळाला. द्राक्ष 'तिंता दे तोरो', म्हणजे टेम्प्रानिओ या स्पॅनिश काळ्या द्राक्षाचाच स्थानिक प्रकार. स्पेनच्याच रिओखा या वाइनच्या प्रदेशात आणि शेजारच्या रिबेरा देल दुएरोमध्येही टेम्प्रानिओच पिकतं, पण तोरोमध्ये ते शतकानुशतकं कोरड्या, कडक हवामानात वाढत आलं आहे. वर्षाला पाऊस जेमतेम ३५० ते ४०० मिलिमीटर. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या जवळ जातो आणि ऊन भरपूर असतं. अशा ठिकाणी मणी लहान राहतो आणि साल जाड होते. रस कमी, साल जास्त. रेड वाइनमधलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, मुख्यतः सालीतून आणि बियांतून येतं, त्यामुळे आंबवताना साल रसात राहिली की टॅनिनचा भरणा मोठा होतो. ओकच्या पिंपातून आणखी थोडं येतं.

जमीन वाळूची आणि गोट्यांची आहे, आणि हा या प्रदेशाचा मोठाच ठेवा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या कीटकाने युरोपातले बहुतेक द्राक्षमळे संपवले. पुढे सगळीकडे अमेरिकन मुळांवर कलम करून वेली लावाव्या लागल्या. वाळूत मात्र हा कीटक तग धरत नाही. म्हणून तोरोमध्ये स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या, शंभरीच्या पुढच्या वेली आजही आहेत. तारांवर न चढवलेल्या, झुडपासारख्या बुटक्या, एकमेकींपासून लांब लांब. अशा वेलीला फळ कमी लागतं आणि जे लागतं ते दाट असतं.

उन्हामुळे साखर खूप चढते, म्हणून अल्कोहोल १४.५ ते १५ टक्के. उन्हामुळेच आंबटपणा उतरतो. बराचसा भाग समुद्रसपाटीपासून ६०० ते ७५० मीटर उंचीवर असल्याने रात्री गार होतात आणि थोडा आंबटपणा टिकतो, पण टेम्प्रानिओ मुळातच फार आंबट द्राक्ष नाही. म्हणजे टॅनिन भरपूर, अल्कोहोल भरपूर, बांधा दाट, म्हणजे तोंडात भरीव लागणारी, आंबटपणा मध्यम किंवा त्याहून कमी. जेवण ठरवताना या चार गोष्टी धरून चालायचं. ग्लास पांढऱ्या छापील कागदावर तिरका धरा. मध्यभागातून अक्षरं दिसत नाहीत, इतकी ती गडद असते.

'क्रिआन्सा' म्हणजे वाइन किमान २४ महिने मुरवली आहे आणि त्यातले किमान ६ महिने ओकच्या पिंपात गेले आहेत. 'रेसेर्वा'ला ३६ महिने, त्यातले १२ पिंपात. हे फक्त मुरवण्याचं किमान माप आहे, वाइन मऊ झाल्याची हमी नाही. तोरोची क्रिआन्सा चार-पाच वर्षांची असली तरी तरुणच म्हणायची. कोणी बनवली यावरही बरंच अवलंबून असतं. नुमांथिया, पिंतिया, सान रोमान या दाट बांध्याच्या वाइन्स आठ-दहा वर्षांनी खऱ्या खुलतात. पण अलीकडे काही उत्पादक द्राक्ष जरा लवकर तोडतात आणि सालीतून कमी ओढतात, त्यांची वाइन पुष्कळ हलकी लागते. तुमच्या बाटलीवर द्राक्षं कोणत्या वर्षी तोडली ते छापलेलं असेल. वाइन सहा वर्षांहून लहान असेल तर पुढे दिलेलं सगळं तिला जसंच्या तसं लागू पडेल.

तोंडात नेमकं काय घडतं? आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे जीभ आणि गाल एकमेकांवर सहज सरकतात. टॅनिन या प्रथिनांना चिकटतं, त्यांच्या बारीक गुठळ्या होतात आणि ओशटपणा निघून जातो. काजूचं कच्चं बोंड चावल्यावर होतं तेच. तो चवीपेक्षा स्पर्शाचा अनुभव आहे. आणि तो साचत जातो. न खाता लागोपाठ तीन घोट घेतले तर तिसरा पहिल्यापेक्षा जास्त तुरट लागतो, कारण लाळेला सावरायला वेळ मिळालेला नसतो. म्हणून तोरो नुसती पिण्याची वाइन नाही. घास, मग घोट, मग पुन्हा घास.

घासात तीन गोष्टी हव्यात: स्निग्धता, मीठ आणि प्रथिनं. स्निग्धता गेलेला ओशटपणा परत देते. मीठ कडूपणा दाबतं. प्रथिनांमुळे टॅनिनला लाळेखेरीज चिकटायला दुसरं काहीतरी मिळतं. 'रेड वाइनला मांस' हे सगळ्यांना पाठ असतं, पण नुसत्या मांसाने काम होत नाही. अळणी उकडलेल्या चिकन ब्रेस्टसोबत तोरो घेतलीत तर ती तितकीच कोरडी लागेल. माझ्या मते क्रम मीठ, मग चरबी, मग प्रथिनं असा आहे, आणि लोक नेमकं मिठाला विसरतात.

हे घरी पाच मिनिटांत तपासता येतं. वाइनचा एक घोट नुसता घ्या. मग साध्या प्रोसेस्ड चीजचा एक क्यूब चावून खा आणि लगेच दुसरा घोट घ्या. तुरटपणा बराच मागे गेलेला आणि फळाची चव पुढे आलेली जाणवेल. आता चमचाभर मध चाटून तिसरा घोट घ्या. वाइन एकदम आंबट, कडू आणि पोकळ लागेल. गोडामुळे वाइनमधलं फळ हरवतं आणि कडूपणा उघडा पडतो. आपल्या स्वयंपाकात हे फार महत्त्वाचं, कारण आमटीत, भरल्या वांग्यात, गोड्या मसाल्याच्या रश्श्यात आपण सवयीने गुळाचा खडा टाकतो. तो खडा जेवणात चांगला लागतो, पण या वाइनशी त्याचं जमत नाही.

आता तुमचा तांबडा रस्सा. मिरचीतलं तिखट द्रव्य तोंडातल्या ज्या मज्जातंतूंना पेटवतं, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. १५ टक्क्यांची वाइन आणि कांदा-लसूण मसाल्याची तर्री एकत्र आली की जळजळ वाढते. त्यात रस्सा कढत, म्हणून आणखी वाढते. टॅनिनने कोरडं पडलेलं तोंड जास्तच हुळहुळं झालेलं असतं. शिवाय रस्सा पातळ, तो घोटासारखा निघून जातो आणि जिभेवर राहते ती तर्री, तीच सगळ्यात तिखट. चरबी आहे, मीठ आहे, पण मिरची दोघांनाही पुरून उरते. तांबड्या रश्श्याला वाइनच हवी असेल तर नाशिकची किंचित गोडसर, गार केलेली शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन घ्या किंवा रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, घ्या. टॅनिन जवळजवळ नाही, अल्कोहोल कमी, गारवा वेगळा. तोरो त्या ताटासाठी नाही.

तोरोच्या आसपास लोक काय खातात ते बघितलं की कारण उमगतं. सगळा कास्तिया प्रदेश मेंढ्यांचा. तिथला प्रसिद्ध पदार्थ 'लेचासो', म्हणजे फक्त आईच्या दुधावर वाढलेलं, महिनाभराचं कोकरू. मातीच्या पसरट भांड्यात, लाकडाच्या भट्टीत, पाणी, मीठ आणि फार तर थोडी डुकराची चरबी लावून भाजतात. मसाला नाही. पण लेचासोचं मांस इतकं कोवळं असतं की तरुण, दाट तोरो त्याच्यावर मात करते. त्याला मुरलेली रेसेर्वा किंवा रिबेराची वाइन बरी. तरुण तोरोला मी त्याहून 'चुलेतियास' पसंत करतो: कोकराच्या बरगडीचे छोटे चॉप, द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर झपाट्याने भाजलेले, वर भरड मीठ. कडेची चरबी करपून कुरकुरीत होते, आणि तो करपट वास वाइनमधल्या ओकच्या वासाशी जुळतो. गाईच्या मांसाचा हाडासकट जाड काप, डुकराच्या रक्ताचं सॉसेज, पिमेंतोन घातलेलं डुकराचं सॉसेज चोरिसो हेही तिथलंच. पिमेंतोन म्हणजे मिरची वाळवून केलेली पूड, धुरावर वाळवलेली असेल तर धुरकट. तिचा गोड प्रकार तिखट नसतो, आणि चोरिसोत बहुधा तोच जास्त. गोव्याचं चोरीस त्याच नावाचं असलं तरी त्यात तिखट आणि व्हिनेगर दोन्ही जोरात असतं, म्हणून दोघांना एकच समजू नका.

आणि सामोराचं मेंढीच्या दुधाचं चीज, 'केसो सामोरानो'. किमान १०० दिवस मुरवलेलं, कडक, खारट, तुकडा मोडला की तेलकट. मला विचाराल तर तोरोची सगळ्यात चांगली जोडी हीच. भारतात ते सहज मिळत नाही. मांचेगो हे स्पेनचंच मेंढीच्या दुधाचं चीज मिळालं तर घ्या, नाहीतर बारा महिन्यांवर मुरलेलं चेडार चालतं. माणशी २५ ते ३० ग्रॅम पुरे. फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर काढा, थंड चीजची चरबी घट्ट असते आणि जिभेवर पसरत नाही.

दुसऱ्या बाटलीसाठी माझा सल्ला मटण चॉपचा. आपल्याकडचं मटण बोकडाचं, कोकराहून चिवट आणि कमी चरबीचं, म्हणून थोडी तजवीज लागते. अर्धा किलो चॉप चरबीसकट आणा, खाटकाला साफ करू देऊ नका. साधारण ८ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड चहाचा चमचा, सहा-सात लसणाच्या पाकळ्या ठेचून, अर्धा चमचा भरड मिरी आणि रंगापुरती एक चमचा बेडगी मिरची पूड चोळून तासभर ठेवा. अर्धी वाटी पाण्यात कुकरला दोन-तीन शिट्ट्या. चॉप काढून कोरडे करा, तूप लावा आणि सणसणीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर किंवा निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं भाजा. कडा काळसर व्हायला हव्यात. कुकरमधलं पाणी आटवून वरून घाला. लिंबू पिळू नका. आंबटाने वाइन मऊ लागते हे खरं, पण तोरोचा स्वतःचा आंबटपणा कमी आहे, त्यामुळे लिंबापुढे ती बेचव आणि जड होते. कोकम, चिंच, टोमॅटो यांचंही तेच.

सुकं मटणच करायचं असेल तर किलोला चार-पाच चमचे कांदा-लसूण मसाला घालत असाल तो एक चमच्यावर आणा, उरलेला रंग बेडगीने भरा. सुकं खोबरं ५० ग्रॅम, चांगलं तांबूस-काळसर भाजलेलं. मसाला मटणाला चिकटलेला असावा, रस्सा नको. सोबत ज्वारीची भाकरी आणि लोणी. ठेचा आणि कच्चा कांदा दूर ठेवा. फार कांदा परतून गोडसर केलेला मसालाही टाळा.

घरात कोणी शाकाहारी असेल तर छोले हा चांगला पर्याय. सामोरा प्रांतातच फुएन्तेसाउको इथले हरभरे प्रसिद्ध आहेत आणि तिथे ते लसूण, तेल आणि पिमेंतोन घालून शिजवतात. आपण करताना आमचूर आणि टोमॅटो वगळा, तेल हात सोडून घाला. पनीर जाड कापून, मीठ चोळून, तुपात खरपूस भाजलं तर चालतं. अळणी पनीर उपयोगाचं नाही. मशरूमबद्दल लोक हमखास सांगतात, पण त्यातला रसदार खमंगपणा वाइनला कडू करतो, म्हणून त्याला मीठ आणि लोणी नेहमीपेक्षा जास्त द्या. मासे नकोत. रेड वाइनमधल्या लोहाची माशाच्या तेलाशी गाठ पडली की तोंडात हिवस, धातूसारखी चव येते. सुरमई, बांगडा, कोळंबी कशासोबतही ही वाइन काढू नका.

तापमानाकडे दुर्लक्ष केलंत तर वरची सगळी मेहनत वाया जाईल. १६ ते १८ अंश हवं. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला' हा नियम गार घरांच्या देशातला आहे. आपल्याकडे ३० अंशांना वाढलेली १५ टक्क्यांची वाइन नाकात स्पिरिटसारखी चढते. बाटली फ्रिजमध्ये दीड तास ठेवा, किंवा बर्फ आणि पाणी असलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटं. फ्रिजमध्ये रात्रभर राहिली असेल तर बाहेर काढून पाऊण तास थांबा, कारण फार गार वाइनमध्ये टॅनिन आणखी टोचतं आणि वास बंद होतो. ग्लास मोठा घ्या आणि त्यात एका वेळी शंभर मिलिलिटरच्या वर ओतू नका. आपल्या हवेत ग्लासातली वाइन पंधरा-वीस मिनिटांत तापते.

जेवणाच्या तास-दीड तास आधी वाइन रुंद काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा. हवेने टॅनिन विरघळतं असं म्हणतात, ते तासाभरात होत नाही. टॅनिनचे रेणू एकमेकांना जुळून वाइन मऊ व्हायला बाटलीत वर्षं लागतात. तासाभरात बंद वास निघून जातो, फळ वर येतं, आणि फळ वर आलं की तोच तुरटपणा कमी बोचतो. तेवढंही पुरेसं आहे. जग मात्र थंड जागी ठेवा, नाहीतर गार केलेली वाइन जेवणापर्यंत पुन्हा तापेल. दहा वर्षांवरची बाटली असेल तर पद्धत उलटी: एक दिवस उभी ठेवा, गाळ तळाला बसू द्या, आणि वाढण्याच्या अगदी आधी हळूच ओता.

पहिल्या बाटलीतली वाइन उरली असेल तर फेकू नका. बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली असेल तर तीन-चार दिवस चांगली राहते. जास्त टॅनिनच्या वाइन्स उघडल्यावर हलक्या वाइन्सपेक्षा जास्त टिकतात आणि दुसऱ्या दिवशी कित्येकदा जास्त मोकळ्या लागतात. आजच एक ग्लास काढा, अर्धा तास बाहेर ठेवा आणि खारट चीजच्या तुकड्यासोबत घ्या. ती आवडली तर दुसरी बाटली चॉपसोबत बिनधास्त उघडा. चीज खाऊनही फारच आवळत असेल, तर दुसरी दोन-तीन वर्षं आडवी ठेवून द्या. पण त्यासाठी १२ ते १५ अंशांची स्थिर, अंधारी जागा हवी. स्वयंपाकघरातल्या कपाटात एकाच मे महिन्यात तिची वाट लागेल. तशी जागा नसेल तर ठेवण्यापेक्षा येत्या थंडीत पिऊन टाकलेली बरी.